अभ्यासाला पोषक शांतता

कोंबडी वजनात आली की तिला ऊन सोसत नाही. चोच उघडी टाकते, पंख अंगापासून लांब धरते, गळ्याखालची कातडी थरथरवत बसते आणि कुणी उठवलं नाही तर बसल्या जागी मान टाकते. माणसाचं उलटं असतं. माणूस वजनात आला की त्याला सगळं सोसतं, फक्त दुसऱ्याने सांगितलेलं सोसत नाही.

मालक त्या उन्हाळ्यात वजनात आला होता.

त्याला सगळे मालकच म्हणत. वस्तीबाहेरच्या उतारावर त्याच्या दोन शेड होत्या. एक जुनी, बसक्या पत्र्याची, दोन्ही अंगांना जाळी. दुसरी नवी, उंच, खाली फरशी, वारा या टोकाला शिरून त्या टोकाला बाहेर. नवी बांधली तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "आता पक्षी पाय पसरून झोपतील." पक्षी तिथं एक उन्हाळा झोपले. पुढच्या वर्षी तिथं बाकं आली, फळा आला आणि फाटकावर निळा बोर्ड आला. 'दर्जेदार व्यवस्थापन शिक्षण, आता तुमच्या दारात.' दारात होतं हे खरं. दर्जाचं काय ते कमिटी येऊन ठरवणार होती.

बोर्ड लावणारा संस्थापक पूर्वी लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक त्याच्या स्वतःच्या. कॉलेज काढलं तेव्हा त्याने दोन्ही काढून टाकले असावेत. पहिल्यांदा आला तेव्हा मालकाच्या ओट्यावर बसून म्हणाला, "मालक, अर्थव्यवस्था वाढतेय. वाढत्या अर्थव्यवस्थेला मॅनेजर लागतात. ते काय सगळे शहरातच जन्माला यावेत? आपल्या पोरांनी कुणाचं घोडं मारलंय?"

मालकाने मान हलवली. आपल्या पोरांनी कुणाचं घोडं मारलेलं नाही, हे त्यालाही पटलं.

व्यवहार साधा होता. नवी शेड कॉलेजला. मालकाच्या एकुलत्या एक मुलीला प्रवेश. आणि बोर्डावर खालच्या ओळीत मालकाचं नाव, पुढे 'उद्योग सल्लागार'. मालकाने त्याच आठवड्यात कार्डं छापून घेतली. न्हाव्याला दिलं, खाद्यवाल्याला दिलं, कोंबड्या नेणाऱ्या व्यापाऱ्याला दिलं. व्यापाऱ्याने ते उलटून पाहिलं, कोपऱ्याने दात कोरले आणि म्हणाला, "कागद चांगला आहे."

एक शेड गेली, पण पिल्लं मालकाने दोन शेडला पुरतील इतकीच आणली. सल्लागार झाल्यावर कमी पिल्लं आणणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यामुळे जुन्या शेडमध्ये पाय ठेवायचा तर पायाने पक्षी सारूनच ठेवावा लागे. ते काम त्याच्या बायकोचं आणि धाकट्या भावाचं. सल्लागाराचे बूट पॉलिश केलेले असत.

बायकोने या व्यवहाराबद्दल एकदा तोंड उघडलं होतं. "पोरगी शिकेल ना पण नक्की?" एवढंच. तिचे हात खाद्याच्या पोत्यांनी सोललेले, डोळे शेडमधल्या उग्र वासाने कायम लाल. पोरीने पक्ष्यांखालच्या या भुशात उतरू नये, यापलीकडे तिला काही नको होतं. त्यासाठी तिने शेड दिली असती, घरही दिलं असतं. घर कुणी मागितलं नाही, कारण ते बुटकं होतं.

उन्हाळा चढला. भुसा पायाखाली गरम लागायला लागला. दुपारी पत्र्याकडे बघवत नसे. बायको आणि धाकटा मिळून पत्र्यावर फवारे सुरू ठेवत, जाळीवरची पोती ओली करत, आणि भर दुपारी शेडमधून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहत. बसलेला पक्षी उठला की त्याच्या पोटाखालची वाफ निघते. लोखंडी पिंजऱ्यातले मोठाले पंखे दोन्ही टोकांना घरघरत. पक्षी भरले होते. उद्या व्यापाऱ्याचा ट्रक यायचा होता.

"उद्या या वेळेला मी झोपलेला असेन," धाकटा म्हणाला. "मला कुणी उठवलं तर त्याला पिंजऱ्यात घालून ट्रकवर चढवीन."

"आधी खाद्य काढून घ्या भाऊजी. रिकाम्या पोटी ऊन कमी लागतं."

"मला नाही लागत कमी. मी सकाळपासून रिकामाच आहे."

वहिनी हसली. तेवढ्यात दारात मालक उभा राहिला, मागे रुमालाने नाक धरून संस्थापक. दोघांचे चेहरे असे, की घरी कुणी वारलंय किंवा लग्न ठरलंय.

"उद्या कमिटी येतेय," मालक म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात येणार होती ना?" बायको म्हणाली.

"त्यांना तिकडं ऊन लागतंय म्हणून लवकर उरकतायत," संस्थापक रुमालातून बोलला. "वहिनी, उद्याचा दिवस सोन्याचा आहे. पहिल्या बॅचचं सर्टिफिकेट उद्यावर आहे. कमिटीने मान्यता दिली तर आपली पोरं मॅनेजर. नाही दिली तर..." त्याने हात हवेत फिरवून पोरं काय होतील ते दाखवलं. त्या हाताचा रोख कोंबड्यांवर गेला.

"मग येऊ द्या की. ट्रक तिकडच्या बाजूला लावू."

"ट्रक?" संस्थापकाने रुमाल काढला. वास येताच परत लावला. "वहिनी, पिंजऱ्यांचा ट्रक, ती पकडणारी माणसं, तो कलकलाट, ती पिसं! कमिटी अध्यक्षांच्या डोक्यावर पीस पडलं तर मी काय सांगू? उपक्रम म्हणून?"

मालकाने फोन काढला होता. व्यापाऱ्याचा आवाज शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

"मालक, वजनाचा माल या उन्हात एक दिवसही ठेवू नका."

"एका दिवसाने काय होतंय?"

"काही होत नाही. झालं तर तुमचं होईल. माझं काही व्हायचं नाही."

"परवा सकाळी या."

"सल्लागारसाहेब म्हणतायत म्हटल्यावर परवा," व्यापारी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

धाकट्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. "दादा, हे पक्षी आहेत. यांना तारीख सांगता येत नाही."

"तू गप्प बस. तुला काय कळतं?"

"मला कळत असतं तर मीही बोर्डावर असतो," धाकटा म्हणाला आणि पाण्याची भांडी भरायला गेला.

दुपारी मुलगी कॉलेजमधून घरी आली. ती शेडच्या बाजूने यायची नाही, लांबचा वळसा घालून पुढच्या दाराने यायची. दोन वर्षांत तिने बूट वापरायला, पाणी ग्लासातून घोट घोट प्यायला आणि आईला समजावायला शिकून घेतलं होतं. कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक एकच होता. तो मोटारसायकलवर यायचा, सकाळी मार्केटिंग शिकवायचा, दुपारी मनुष्यबळ, आणि डबा खाता खाता नीतिमूल्यं. उद्या कमिटीपुढे प्रेझेंटेशन द्यायचं तर पहिल्या बॅचमधून त्याने हिचीच निवड केली होती. बाकीच्यांपैकी काही जण प्रवेश घेऊन पुन्हा दिसले नव्हते, हेही त्याचं एक कारण.

"विषय काय?" आईने विचारलं.

"जोखीम व्यवस्थापन. पोल्ट्रीचंच उदाहरण घेतलंय. म्हणजे रिस्क आधी ओळखायची, मग तिची वर्गवारी करायची, मग..."

"मग ट्रक परवावर ढकलायचा," काका मोरीवरून ओरडला.

"काका, प्लीज." ती आईकडे वळली. "आई, उद्या काहीतरी बिनसलं आणि कमिटीने नाही म्हटलं, तर माझी दोन वर्षं गेली. मग मी काय करू? तुझ्यासोबत भुशात उतरू?"

आईने तिच्या बुटांवर उडालेला भुशाचा एक कण बोटाने उचलला. तिथंच तिचं ठरलं. पुढे जे काही झालं त्यात तिचा वाटा निम्मा नाही म्हटला तरी बराच होता, आणि तो तिने कधी नाकारला नाही.

संध्याकाळी संस्थापकाने वर्गात बसून पाहिलं. बसल्या बसल्या त्याचा शर्ट पाठीला चिकटला. छताला लावलेल्या थर्मोकोलच्या खाली हवा नुसती उभी होती. शेडला वाऱ्याच्या जाळ्या होत्या, त्या त्याने 'शेड वाटते' म्हणून प्लायवूडने बंद करून घेतल्या होत्या.

"मालक, यात कमिटी टिकणार नाही."

मालकाने जुन्या शेडकडे पाहिलं. सल्ला द्यायची ही त्याची पहिलीच वेळ.

"पंखे आहेत की," तो म्हणाला.

धाकटा शिडी द्यायला तयार होईना. "पंखे काढले तर उद्या यातलं एकही उठणार नाही दादा. मी नाही काढणार. तुझा तो प्राध्यापक चढव शिडीवर, मनुष्यबळ शिकवतो ना तो?"

तेव्हा बायको पुढे झाली. "एका दिवसाचाच प्रश्न आहे ना? फवारे सुरूच आहेत. पोती दोनदा जास्त भिजवू." तिनेच शिडी धरली. पंख्यांवर वर्षाची पिसं आणि धूळ चिकटलेली. तिने ती पाती एकेक करून ओल्या फडक्याने पुसली, वर्गात जायची म्हणून. आपल्या पक्ष्यांना इतके स्वच्छ पंखे तिने कधी दिले नव्हते.

राहता राहिली मुलं. कागदावर वर्ग भरलेला होता, बाकांवर नव्हता. कोंबड्या पकडणारी टोळी दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी संध्याकाळीच आली होती, आणि ट्रक पुढे ढकलल्याचं ऐकून मजुरी बुडाली म्हणून मालकाच्या फाटकाशी बसून होती. संस्थापकाने त्यांना निरखून पाहिलं. सगळे तरणेबांड. नखांत घाण होती, पण हात बाकाखाली ठेवता येतात.

"उद्या मजुरी मिळेल," तो त्यांना म्हणाला. "काम नाही. नुसतं बसायचं."

टोळीचा मुकादम संशयी माणूस. "नुसतं बसायची मजुरी कोण देतं?"

"सगळी अर्थव्यवस्था देते," संस्थापक म्हणाला.

सकाळी त्याने टायचा गठ्ठाच आणला. गाठ आधीच मारलेली, मागे इलॅस्टिक. मुकादमाच्या गळ्यात अडकवला तेव्हा त्याने टायचं टोक हातात धरलं आणि विचारलं, "आणि हे ओढायचं कुणी?" टोळी खिदळली. प्राध्यापकाने त्यांना गप्प बसून पुढे बघायला शिकवलं. दोन वर्षांत त्याचा हा पहिला भरलेला वर्ग होता. त्याचा आवाज भरून आला.

कमिटी तीन माणसांची होती. अध्यक्ष जाडजूड आणि घामाने डबडबलेले, दुसरे हातात मोजपट्टी घेतलेले, तिसरे गाडीतून उतरल्यापासून सावली शोधणारे. संस्थापकाने त्यांना आधी केबिनमध्ये नेलं. केबिन म्हणजे पूर्वीची खाद्याची खोली. तिथं भाड्याचा एसी बसवला होता. सुरू केला तशी सगळी वीज गेली.

वायरमन पळत आला, डबा उघडून बघून म्हणाला, "एवढा भार ही लाइन घेणार नाही. एसी तरी चालवा, नाहीतर पाण्याची मोटर."

मोटर म्हणजे फवारे.

मालक उंबऱ्यावर उभा होता. एका बाजूला केबिनचं दार, आतून अध्यक्षांचा श्वास ऐकू येतोय. दुसऱ्या बाजूला जुनी शेड. पत्र्यावरचं शेवटचं पाणी वाफ होऊन वर चाललेलं. त्याने फार वेळ घेतला नाही. वजनदार माणसं निर्णय पटकन घेतात.

"मोटर बंद ठेव," तो म्हणाला. "चहा होईपर्यंतच."

चहा झाला. मग सरबत झालं. मग मोजपट्टीवाल्यांनी वर्गाची लांबी घेतली, प्लायवूडला टकटक करून पाहिलं आणि "व्हेंटिलेशन?" असं विचारलं. संस्थापकाने पंख्यांकडे बोट दाखवलं. पंखे असे सुसाट फिरत होते की मोजपट्टीवाल्यांचे कागद उडाले, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

इकडे जुन्या शेडमध्ये बायको आणि धाकटा बादल्यांनी पाणी आणत होते. हौदातलं पाणीही कोमट. पोत्यावर ओतलं की क्षणात सुकायचं. पक्षी भिंतींकडे सरकून एकमेकांवर चढायला लागले होते, आणि ते सगळ्यात वाईट. खालचा दबतो, वरचा दमतो. धाकटा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढिगारे सोडवत होता. सोडवावा तसा दुसरीकडे जमत होता. चोची उघड्या, जिभा बाहेर, डोळ्यांवर पडदे येऊ लागलेले.

"वहिनी, दोघांनी होणार नाही. माणसं पाहिजेत. बाहेर झाडाखाली काढू, दोरी बांधून ठेवू, काहीही करू."

"माणसं कुठून आणू?"

"तिकडं टाय लावून बसलीयेत ती कुणाची आहेत?"

ती धावली. अंगावर भुसा, केस कपाळाला चिकटलेले, हाताला विष्ठा. वर्गाच्या मागच्या दाराशी मालक खुर्ची टाकून बसला होता, सल्लागाराने बसावं तसा. आत मुलगी फळ्यापुढे उभी राहून पडद्यावरची चित्रं बदलत होती. "जोखीम म्हणजे घडण्याआधी ओळखता येण्यासारखी हानी," ती म्हणत होती. आवाज स्वच्छ होता, शहरातला वाटावा असा.

"अहो," बायको कुजबुजली. "माणसं द्या. पक्षी चाललेत."

"कुठली माणसं?"

"ही बसलीत ती. आपली पकडणारी."

मालकाने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "हे विद्यार्थी आहेत."

"अहो, तो मुकादम आहे!"

"आत्ता विद्यार्थी आहे. तास संपू दे."

मुकादमाने मात्र ऐकलं होतं. तो अर्धवट उठला. प्राध्यापकाने बोट दाखवून म्हटलं, "बसा." मुकादमाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पंखा, सावली, बसायची मजुरी, आणि थोड्या वेळाने जेवण. तो बसला. त्याला दोष कुणी देऊ नये. दोन वर्षांत त्या वर्गात कुणी इतक्या लवकर काही शिकलं नव्हतं.

मग मुलीने आईला पाहिलं.

मान वळवली असती तर सगळ्यांना दिसलं असतं असं ते दृश्य होतं. दारात उभी, तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. मुलीचं बोलणं अर्ध्या वाक्यात थांबलं. आईने तिच्याकडे बघितलं. हात पुढे केला, शेडच्या दिशेने. आणि मग काय झालं कोण जाणे, तोच हात तिने फिरवला आणि बोलत राहा अशी खूण केली.

मुलगी बोलत राहिली. जरा घाईने, पण एकही मुद्दा न गाळता. "वर्गवारी झाल्यावर जबाबदारी निश्चित करणं महत्त्वाचं," ती म्हणाली.

आई परत गेली, बादली घेऊन.

प्रेझेंटेशन संपलं. टोळीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला त्यांना सांगितलं होतं, आणि हात मोठे असल्याने त्या दणदणीत वाजल्या. सावलीवाले सदस्य जागे झाले. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी मुकादमालाच विचारलं, "तुम्ही हाच अभ्यासक्रम का निवडलात?"

संस्थापकाचा चेहरा पांढरा पडला.

मुकादमाने विचार केला. "इथं पंखा आहे," तो म्हणाला.

सदस्य समाधानाने लिहू लागले. त्यांनी काय लिहिलं ते मागून कळलं. 'पायाभूत सुविधांबाबत विद्यार्थी समाधानी.'

अध्यक्ष उठले आणि प्लायवूडच्या फटीशी जाऊन बाहेर कान दिला. सकाळी ते आले तेव्हा पलीकडून एकसारखी धाप ऐकू येत होती, मोठा भाता चालावा तशी. संस्थापकाने ती 'परिसरातील उद्योग' म्हणून सांगितली होती. आता काही ऐकू येत नव्हतं. अध्यक्षांनी डोळे मिटून मान डोलावली.

"केवढी शांतता आहे इथं," ते म्हणाले. "अभ्यासाला पोषक."

मालक खुर्चीतून उठला. त्याला ती शांतता कळली होती. तो काही जन्मापासून सल्लागार नव्हता. त्याने खुर्चीची पाठ धरली. पण अध्यक्षांनी पुढे केलेला हात त्याने घेतला, हसला, आणि गाडीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला. गाडीचं दारही त्यानेच लावलं.

मग तो जुन्या शेडकडे धावला. पॉलिश केलेले बूट घालून धावताना माणूस फार हास्यास्पद दिसतो.

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याभोवती पांढरं, मऊ आणि गरम असं सगळं पसरलेलं होतं. मधूनच एखादा पक्षी उभा होता, दुसऱ्यावर पाय देऊन, कसा काय वाचला हे न कळून. बायको दारातल्या दारात बादली उपडी घालून तिच्यावर बसली होती.

"फवारे सुरू करा रे!" मालक ओरडला.

"कशाला?" धाकटा म्हणाला. "आंघोळ घालायची यांना?"

मुलगी धापा टाकत आली. या वेळी सरळ वाटेने आली, बुटांसकट. आत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. काही तरी म्हणायला हवं होतं. तिला दोन वर्षांत शिकवलेल्या शब्दांपैकी एकही तिथं चालण्यासारखा नव्हता, आणि आधीचे शब्द तिने मोडीत काढले होते. आईने तिच्याकडे बघून विचारलं, "झालं नीट?"

"हो."

"मग आत येऊ नको. बूट खराब होतील."

उन्हात मेलेले पक्षी थांबत नाहीत. लगेच खड्डा घ्यावा लागतो. टोळीने टाय काढून खिशात घातले आणि फावडी घेतली. बसायची मजुरी मिळाली होती, आता खणायची वेगळी ठरली. जमीन तापून दगड झालेली. मालकानेही बूट काढले आणि खाली उतरला. पोती भरभरून येत होती, रिकामी होत होती. चुना टाकला की पांढऱ्यावर पांढरं.

संस्थापक खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. रुमाल नाकाला.

"फार वाईट झालं, मालक," तो म्हणाला. "फार म्हणजे फारच. पण अध्यक्ष इतके खूश होऊन गेलेत, काय सांगू! मान्यता नक्की. म्हणाले, तुमच्यासारखं काम मागास भागात व्हायला हवं. विद्यार्थी दुप्पट घ्या म्हणाले. फक्त बसवणार कुठं ते दाखवा म्हणाले." त्याने उसासा टाकला. "आता कुठं दाखवू? एवढी मोठी इमारत मी कुठून आणू?"

त्याने मागितलं काहीच नाही. तेवढी त्याला रीतभात होती.

मालक कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. दाढीला चुना, हाताला फोड. त्याने एकदा जुन्या शेडकडे पाहिलं. धाकटा तिथून शेवटचं पोतं ओढत बाहेर आणत होता.

"ही आहे की," मालक म्हणाला. "रिकामीच झालीय."

धाकट्याने पोतं जागीच सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक आला, वाचलेले थोडे पक्षी घेतले, आणि निघताना बिनभरल्या पिंजऱ्यांचा खडखडाट करत गेला. धाकटा त्याच ट्रकवर मागे बसून गेला. व्यापाऱ्याकडे पकडणारा म्हणून लागला. जाताना वहिनीला म्हणाला, "तुम्हीही चला. तिथं निदान जिवंत धरायचे असतात." वहिनी म्हणाली, "पोरीचं सर्टिफिकेट येऊ द्या."

सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी कडा, मधोमध मुलीचं नाव. मालकाने ते काचेत बसवलं. तिने त्याच्या प्रती काढून बाहेर बऱ्याच ठिकाणी पाठवल्या. उत्तरं आली नाहीत, किंवा आली ती 'कॉलेज कुठं आहे?' असं विचारणारी. अखेर संस्थापकच मोठ्या मनाने पुढे आला. नवीन वर्गाला शिकवायला माणूस हवाच होता, प्राध्यापक एकटा किती ठिकाणी पुरणार? "शिवाय तुमच्या मुलीला प्रत्यक्ष अनुभव आहे," तो मालकाला म्हणाला. जुन्या शेडला थर्मोकोलचं छत लागलं, जाळ्यांना प्लायवूड लागलं, फाटकावरचा बोर्ड मोठा झाला. झाडलोटीला बाई लागत होती. मालकाची बायको मोकळीच होती. संस्थापकाने तिचा महिना ठरवला आणि 'घरचीच माणसं' म्हणून थोडा कमी ठरवला.

पहिल्या दिवशी ती पहाटेच कामाला लागली. खरडून काढलेल्या जमिनीवर फरशी घातली होती, तरी कोपऱ्यांतून भुसा निघतच होता. एकेक चिमूट. ती बाकांखाली वाकून सुपडीत भरत पुढे सरकत होती. मुलं यायला लागली. नवे कपडे, नवे चेहरे. कुणाच्या आईने दूध विकलं असेल, कुणाच्या बापाने रान. मुलगी टेबलामागे खुर्चीवर बसून कागद लावत होती. मालक दारात उभा होता, सल्लागार म्हणून.

बायको टेबलापाशी आली.

"पाय वर घे गं," ती म्हणाली.

मालकाने दारातून घसा खाकरला. "मॅडम म्हण. मुलं ऐकतायत."

ती वाकलेलीच राहिली. झाडूवरचा हात थांबला होता. मुलगी कागदांकडे बघत होती, आणि तिने मान वर केली नाही.

"मॅडम, पाय वर घ्या," आई म्हणाली.

मुलीने पाय उचलले.